नानांच्या जीपचा गिअरबॉक्स

धुळ्यात हायवेला लागून रफिकभाईंचं गॅरेज आहे आणि त्याला खेटून माझं लेथचं वर्कशॉप. मधली भिंत अर्धीच आहे, त्यामुळे किस्से गोळा करायला मला जागचं उठावंही लागत नाही! गाडी दुरुस्त होईपर्यंत माणसाला दुसरं काम नसतं, मग तो बोलतो. गाडीचं बोलता बोलता घरचं बोलून जातो. पण नानांच्या जीपचं तसं नव्हतं. तिथे सुरुवातीला सगळे फक्त गाडीचंच बोलत होते.

*

नाना शिरपूरच्या पुढचे, सातपुड्याच्या पायथ्याचे शेतकरी. त्यांच्या जुन्या जीपचं इंजिन बसलं. आरटीओची परवानगी काढून त्यांनी एका भंगारातल्या पिकअपचं डिझेल इंजिन घेतलं. आता प्रश्न असा, की त्याला गिअरबॉक्स कुठला लावायचा? जीपचा जुना चार गिअरचा, की पिकअपचा पाच गिअरचा?

रफिकभाईंनी दोन्ही टेबलावर मांडले. ‘‘नाना, ह्या चारवाल्यात ताकद आहे. चढावर भरलेली गाडी आरामात ओढेल. पाचवाला हायवेवर पळेल, इंजिन ओरडणार नाही.’’

‘‘माले दोन्ही पाहिजेत.’’

‘‘मग दोन जीपा घ्या!’’

*

पुढचे काही दिवस गॅरेजात हीच चर्चा. पंक्चर काढायला आलेला माणूससुद्धा मत देऊन जायचा. घाटातले ड्रायव्हर म्हणायचे चार, हायवेवाले म्हणायचे पाच. नाना सगळ्यांचं ऐकायचे आणि शेवटी जो बोलला त्याचं त्यांना पटायचं.

रफिकभाई वैतागले. मला म्हणाले, ‘‘आज गॅरेज लवकर बंद करतो. आत्ताच पाच गिअरवर ठरलंय, आणखी कोणी यायच्या आत!’’

*

ठरलं खरं, पण पाच गिअरच्या बॉक्समध्येही दोन प्रकार निघाले. जुना आणि नवा. बाहेरून जुळे भाऊ! टेबलावरचा, जळगावच्या भंगार बाजारातून आलेला, तो जुना. मी त्याच्यासाठी जोडपट्टी कापून दिली, रफिकभाईंनी बसवला, आणि पाहतो तर गिअरचा दांडा थेट सीटखाली!

नाना सीटवर बसले, वाकून खाली पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, ‘‘भाऊ, गिअर टाकाले खाले उतरनं पडी का?’’

*

दांडा वाकवून पुढे आणला. आता क्लच बघायचा होता. जुन्या बॉक्सचा क्लच तारेचा, जरा जड. नानांनी पाय ठेवला. क्लच हलला नाही. पुन्हा ठेवला. मग त्यांनी दोन्ही हातांनी गुडघा दाबला.

 नानांना मागे पॅरालिसिसचा झटका येऊन गेला होता, हे आम्हाला माहीत होतं. चालताना फारसं जाणवायचं नाही, म्हणून आम्ही विसरलो होतो.

रफिकभाई पटकन गाडीखाली वाकले. ‘‘नाना, तार अडकलीय. क्लचच जाम आहे.’’

नाना हसले. ‘‘क्लच नही रे रफिक. पाय जाम शे.’’

मी माझं मशीन उगाचच चालू केलं.

*

जीप आता विकणार, असंच आम्ही धरून चाललो होतो. पण आठवड्याने नाना अक्कांना घेऊन आले. अक्का म्हणजे त्यांच्या पत्नी. स्कूटीवर बाजारहाट करणाऱ्या, पण जीपच्या स्टिअरिंगला कधी हात न लावलेल्या. नानांनी त्यांना सीटवर बसवलं.

‘‘हिना हात कोठे पोचस ते देख, मंग गिअरबॉक्स ठराव.’’

अक्कांचं पहिलंच वाक्य, ‘‘भाऊ, रिव्हर्स कोठे शे?’’

‘‘अक्का, आधी पुढे तर जायला शिका!’’

‘‘पुढे कोनीबी जास. चुकनं ते मांगे येता येवाले पाहिजे ना!’’

त्या दिवशी सगळी चर्चा संपली. नवा पाच गिअरचा बॉक्स आला. त्याचा क्लच ऑइलवर चालणारा, पायाला हलका. दांडाही बरोबर अक्कांच्या हाताशी. शिरपूरला क्लास लावून त्या गाडी शिकल्या, लायसन्स काढलं.

*

जीप घेऊन जायच्या दिवशी अक्का स्टिअरिंगवर आणि नाना शेजारच्या सीटवर. सकाळी निघाले. जेवणाची वेळ टळली तरी पोचल्याचा फोन नाही. आम्ही करतोय तो उचलत नाहीत. रफिकभाईंचा डबा तसाच. ‘‘पाचवा गिअर अडकला असेल का? मी नीट बघितला होता ना?’’ हेच पुन्हा पुन्हा.

दुपारी अक्कांचा फोन आला. रफिकभाईंनी स्पीकर लावला.

‘‘अक्का, कुठे आहात? गाडी बंद पडली का?’’

‘‘नही भाऊ, घर पोची गवूत. गाडी चांगली शे. मी तिसरा गिअरमाच उनू.’’

‘‘पूर्ण हायवे तिसऱ्यावर? का? चौथा पडत नव्हता?’’

‘‘पडस ना. पन माले अजून गिअर बदलता नीट येत नही, झटका बसस. सोनगीर सोडं आन् यास्ना डोया लागना. आजारपननंतर आज पहिलांदाव असा निजनात.’’

रफिकभाईंनी कान फोनजवळ नेला. फोनमधून घरघर ऐकू येत होती.

‘‘अक्का, हा आवाज कसला येतोय?’’

‘‘इंजिनना. आंगनमा उभी शे गाडी. धीरे बोला भाऊ, बंद करी ते जागा व्हतीन.’’