सोलापूरचा आलेख अचानक का चढला

"सर, हा आलेख असा चढूच शकत नाही," मी तिसऱ्यांदा म्हणाले.

आमचे प्रोजेक्ट हेड देशमुख सर हसले. "एखादं शहर पुढं जात असेल तर जाऊ द्या की. परवा प्रेझेंटेशन आहे."

मी पुण्यात शहरांची उत्पादकता मोजते. शहरात वर्षभरात किती माल तयार झाला, त्याला कामगारांच्या संख्येनं भागायचं. माणशी माल वाढला, की शहराची प्रगती. आमच्या रिपोर्टमध्ये सोलापूर अव्वल होतं. इतर शहरांनी तोच मार्ग धरावा, अशी शिफारस माझ्या सहीनं जाणार होती.

मला चैन पडेना. दुसऱ्या दिवशी सकाळची गाडी धरली.

अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या एका कारखान्यात गेले. लूम जुनेच होते. मालकांना विचारलं, "नवीन मशीन नाही, मग इतक्या कमी कामगारांत तेवढाच माल कसा?"

"कडा शिवायचं खातं बंद केलं. आता ते काम बायका घरी करतात."

"त्यांची नावं रजिस्टरवर?"

"घरी शिवणाऱ्यांची कशाला?"

आम्ही कामगार रजिस्टरवरूनच मोजले होते. 

मालकांकडून पत्ता घेऊन शुक्रवार पेठेत शोभाताईंकडे गेले. त्या पूर्वी त्याच खात्यात होत्या. आता घरात टॉवेलचे ढीग, आणि सासूबाई धागे कापत बसलेल्या.

"कामात काय फरक पडला?"

"पडला की. तितं पाळी संपली की सुट्टी हुती. हितं सुट्टी न्हाय." मशीन न थांबवता त्यांनी विचारलं, "आमाला मोजायला आलाय व्हय?"

"हो."

"मग सासूबाईंचं बी नाव घाला."

घातलं. दुपारभर आणखी कारखाने फिरले. सगळीकडे तेच. स्टेशनवरून सरांना फोन केला.

"क्लायंटला आता काय सांगू?" सर चिडले.

"शिफारस काढली म्हणून सांगा. नाहीतर माझी सही काढा."

शिफारस निघाली. क्लायंटनं पुढचं काम दुसऱ्यांना दिलं. बाकीच्या शहरांचे कामगारही आम्ही रजिस्टरवरूनच मोजले होते. ते तपासायला वेळ मिळाला नाही. रिपोर्ट तसाच गेला. ते अजून टोचतं.

आता कुठल्याही शहराची उत्पादकता वाढलेली दिसली, की मी अभिनंदन करत नाही. आधी विचारते, माणसं गेली कुठं?