कोमट खत

स्वयंपाकघरातला ओला कचरा मी रोज वजन करून गच्चीवरच्या पिंपात टाकतो. सुकी पानं किती घातली, तेही मोजतो. आकड्यांत मी सहसा चुकत नाही. तेव्हाही चुकलो नव्हतो.

शेजारच्या अक्कांनी वासाची तक्रार केली म्हणून मी पिंप रिकामं करायला घेतलं. आत थर्मामीटर खुपसून पाहिला. हवेपेक्षा खत बरंच गरम होतं, म्हणजे कुजणं अजून संपलं नव्हतं. असं कच्चं खत मातीत जाऊन कुजत राहतं, तिथला नत्र ओढून घेतं, बी नासवतं. हे मला ठाऊक होतं. तरी मी थर्मामीटर धुऊन ठेवला आणि थोडं खत सासऱ्यांनी बी पेरायला मांडलेल्या ट्रेमधल्या मातीत कालवलं. बाकीचं पोत्यात भरलं.

बेळगावकडचं शेत विकून सासरे शहरात, येलहंक्याला आमच्याकडे आले, तेव्हा राखेत घोळलेलं वांग्याचं बी फडक्यात बांधून आणलं होतं. त्या शेतातलं तेवढंच उरलं होतं. निम्मं मागे ठेवू म्हणत होते. मीच म्हणालो, "मामा, पेरा सगळं. जुनं झालं की उगवत नाही."

एकही रोप आलं नाही. उकरलं तर बी मऊ पडलेलं.

"हात गेला बघा माझा, जावईबापू," ते म्हणाले. "आता तुमचा कचरा मोजायला ठेवा मला."

बायको हसली. मीही हसलो.

मग ते गच्चीवर यायचेच थांबले. कुंडीला पाणी घालायचं तरी आपल्या मुलीला सांगायचे, "तूच घाल. माझ्या हातानं नको."

मी पोत्यातलं खत परत पिंपात भरलं, अधूनमधून पालटलं, पार गार होऊन त्याला मातीचा वास येईपर्यंत थांबलो. मग दुकानातलं वांग्याचं बी आणून हट्टानं त्यांच्याच हातून पेरून घेतलं. ट्रे भरून रोपं आली.

"मामा, हात तुमचा गेला नव्हता. मी खत कच्चं घातलं होतं. मला कळत होतं."

ते रोपांवरून तळवा फिरवत राहिले. "म्हणजे हात बरा आहे की माझा!" त्यांनी मुलीला हाक मारून तेच पुन्हा सांगितलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "निम्मं ठेवायला पाहिजे होतं की हो."

"हो," मी म्हणालो.

आता त्या झाडांची वांगी आम्ही खातो. सासरे चांगली म्हणतात. गावच्यासारखी लागतात का, हे मी अजून विचारलेलं नाही.