तंबूत बाबा नव्हते

मंडळी, आत्ता कुठे जरा सवड मिळाली, म्हणून लिहितेय.

मी, नवरा आणि माझे बाबा, आमची पहिलीच कॅम्पिंगची सहल. कोकणचा समुद्र पाहून जंगलाच्या रस्त्याने परतताना काल आमच्या भागात आल्यावर अर्जुनी मोरगावजवळ तलावाकाठी तंबू ठोकला. सकाळी जाग आली तर बाबा तंबूत नाहीत! हल्ली ते विसरतात, वाट चुकतात. एकीकडे पाणी, दुसरीकडे जंगल. मी आणि नवरा हाका मारत धावत सुटलो.

बाबा तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, निवांत बसलेले दिसले. मी रडतच मिठी मारली.

"काऊन रडून राहिली वं? समुद्र मोठा हाय, पण त्याचं खारं पाणी धानाच्या शेताले चालत नाही. आपला तलावच बरा."

दुपारी सगळे सुखरूप घरी पोहोचलो. बाबांना पुन्हा फिरायला न्यायचंच आहे. विसरणाऱ्या माणसाला प्रवासात तुम्ही कसं सांभाळता?