दारात पालखी, हातात तबक

खुब्याचं हाड मोडलं तेव्हापासून मी देवाशी बोलणं टाकलं होतं. रागच आला होता मला. जन्मभर रोह्यात मुलांना शिकवलं, सकाळ-संध्याकाळ देवापुढे दिवा लावला, आणि न्हाणीघरातल्या ओल्या फरशीवर त्यानं मला असं आडवं करावं? ऑपरेशन करून घरी आले ती भिंतीकडे तोंड करून पडले. डॉक्टर म्हणाले, "बाई, आता पडून राहिलात तर कायमच्या पडून राहाल. वॉकर धरा आणि चाला." तो वॉकर मी पलंगामागे सरकवून ठेवला. ज्या गल्लीत मला लांबून बघून पोरं चिडीचूप व्हायची, त्या गल्लीत मी तो घोडा ढकलत जाऊ?

मला उठवलं ते एका हट्टानं. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या ग्रामदैवताची, धावीर महाराजांची पालखी निघते, गावभर फिरते. लग्न होऊन आले तेव्हापासून दारात उभं राहून ती मीच ओवाळत आले. सून म्हणाली, "आई, यंदा खुर्चीत बसून ओवाळा." चांगल्या मनानं म्हणाली बिचारी, पण मला ते झोंबलं. महाराज दारात येणार आणि मी बसून राहणार? ओवाळीन तर उभ्यानं, नाहीतर तबकाला हात लावणार नाही, असं मी ठरवून टाकलं.

वॉकर पलंगामागून बाहेर निघाला. न्हाणीघरात धरायला दांडी बसवली, पायात येणारी पायपुसणी उचलली, रबरी तळव्याच्या चपला आणवल्या. झोपेतून उठले की आधी पलंगाच्या कडेला जरा बसायचं, खोलीतला दिवा लावायचा, मगच पाय टाकायचा. नाचणीची भाकरी, दूध, गोळ्या, शिकवलेले व्यायाम, सगळं नेमानं केलं. दुखून डोळ्यांत पाणी यायचं, पण पाय उचलायचा म्हणजे उचलायचाच. मात्र हे सगळं दार लावून, घरातल्या घरात. सून आधाराला हात पुढे करायची, तर मी म्हणायची, "मी काय कुक्कुलं बाळ आहे?"

पालखीच्या दिवशी ढोल जवळ आले आणि मग माझ्या ध्यानात आलं की तबकाला दोन्ही हात लागतात आणि वॉकरलाही दोन्ही. एवढी साधी गोष्ट, पण सराव करताना डोक्यातच आली नव्हती. सून म्हणाली, "मी धरते ना कमरेला." "नको," म्हटलं, वॉकर दारामागे लोटला आणि तबक घेऊन उंबरा ओलांडला. पालखी समोर येऊन थांबली. ओवाळायला तबक वर उचललं. तोच मोडलेल्या बाजूचा पाय भार घेईना आणि मी एका अंगाला कलायला लागले. मनातल्या मनात म्हटलं, महाराज, आता तुम्हीच सांभाळा. पडल्यापासून त्यांच्याशी बोललेले हे माझे पहिले शब्द.

तेवढ्यात माझ्या कमरेला कुणाच्या तरी हाताचा विळखा पडला. पालखीबरोबर चालत आलेली, माझ्याच वयाची, नऊवारीतली एक बाई. ओळखीची नव्हती. तिच्याही दुसऱ्या हातात काठी होती.

"ओवाळ गो बाय, मी हाय."

"लाज वाटते हो," मी कशीबशी म्हणाले.

"लाज कसली? देव पन दुसऱ्याच्या खांद्यावरच आलाय ना? त्याला लाज वाटली नाय."

मी समोर पाहिलं. भोयांचे खांदे घामानं निथळत होते आणि महाराज पालखीत निवांत बसले होते. इतकी वर्षं मी ओवाळलं, पण ते खांदे मला कधी दिसलेच नव्हते. रडत रडत, पण उभ्यानं ओवाळलं. सुनेनं येऊन मला सावरलं आणि मी वळून पाहते तो ती बाई पालखीबरोबर पुढे गेलेली. नाव-गाव विचारायचं राहूनच गेलं. ती कोण होती याचा शोध मी घेतला नाही. हाक मारली आणि हात आला, एवढं मला पुरेसं आहे. महाराजांचे उपकार मानते आणि तिचेही.

हट्ट मी अजूनही सोडलेला नाही. रोज कुंडलिकेच्या काठापर्यंत चालून येईन इतकं बळ पायांत आणायचंच आहे. फक्त सगळं एकटीनं करण्याचा हट्ट त्या दिवशी पालखीपुढे ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी वॉकर घेऊन भर गल्लीत उतरायला निघाले. पायरीशी आले, थांबले, आणि मागे वळून सुनेला हाक मारली, "ये गं, धर मला."

ती पिठाच्या हातांनीच धावत आली.