नझीरभाईंची दोन बटणं

मांडवीचे आमचे शेजारी नझीरभाई तीस वर्षं मच्छीमारी लाँचीवर इंजिन ड्रायव्हर होते, पण समुद्र त्यांनी फारसा पाहिलाच नाही. वर लाँच हाकणारा तांडेल घंटा वाजवी आणि खाली इंजिनाच्या खोलीत हे ती ऐकून गिअर टाकत.

२००६ साली त्यांची मुलगी नबीला कॉलेजच्या स्पर्धेत रोबोट चालवत होती. पहिल्या फेरीत तो चढावरून घरंगळला आणि तिच्या चमूतल्या पोरांनी खापर तिच्यावर फोडलं. पुन्हा घसरला तर रिमोट दुसऱ्याच्या हातात जाणार होता.

दोन फेऱ्यांच्या मधे नझीरभाईंनी त्या पोरांकडे जाऊन रिमोट पाहिला. एकच बटण. दाबलं की हळू गिअर, पुन्हा दाबलं की वेगाचा.

"आता कुठला पडलाय, ते कसं कळतं?"

"लक्षात ठेवायचं, अब्बा. चढावर तेच चुकलं, वेगाचा पडला."

"गाढवांनो! आमच्यात एका घंटेला एकच हुकूम. हळूला एक बटण, वेगाला दुसरं. मग कितीही वेळा दाबा."

होऊ घातलेल्या पाच इंजिनिअरांनी दुसरं बटण बसवलं.

दुसऱ्या फेरीला हा गृहस्थ मैदानाकडे पाठ करून बसला! "अहो, बघा तरी!" मी ओरडले.

"थांबा बाई, ऐकू दे." मोटरचा आवाज जड झाला. "टाकला हळू गिअर. चढली माझी पोर."

टाळ्या त्यानंतर वाजल्या.