माझी पोरगी माझ्याच शाळेत

मी डूख धरणारी बाई आहे आणि हे सांगायला मला लाज वाटत नाही. शिकवून शिकवून माणूस शांत होतो असं लोक म्हणतात. मी वीस वर्षं शिकवते आहे, अजून झाले नाही.

मूल या तालुक्याच्या गावाजवळच्या एका खेड्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर मी आहे. पाचवीपर्यंतची शाळा, दोन खोल्या, दोन शिक्षक. राहते मूलमध्ये, स्कूटरने जाऊन-येऊन करते. माझी एकुलती एक पोरगी मात्र तेव्हा मूलच्या एका खासगी इंग्रजी शाळेत होती. का, तर सगळ्या मास्तरांची पोरं तिथेच जातात. याहून चांगलं कारण माझ्याकडे तेव्हाही नव्हतं.

पोरगी हुशार होती. आईने कौतुकाने म्हणावं तशी नाही, लोकांना त्रास व्हावा तशी. पाच वर्षांची असताना आम्ही राइस मिलपाशी थांबलो होतो. समोर धानाच्या पोत्यांची थप्पी होती. तिने ती निरखून बघितली आणि एकूण पोती सांगितली. मी म्हटलं, इतकी कुठे दिसतात? "आतली दिसत नाई, पन हायेत ना. नाई तर वरची पडली असती," ती म्हणाली. थप्पी लावणारा हमाल हसला आणि म्हणाला, बरोबर आहे पोरीचं.

असं पोर वर्गात गप्प बसत नाही. टीचरचं गणित फळ्यावर लिहून व्हायच्या आत ही उत्तर सांगून मोकळी. दुसरीत असताना तिला आधी गप्प बसायला सांगितलं, मग शेवटच्या बाकावर बसवलं, मग दाराबाहेर. हे तिने मला घरी सांगितलं नाही. पालकसभेत कळलं. मुख्याध्यापिका मॅडम सात-आठ पालकांसमोर म्हणाल्या, "तुमची मुलगी क्लास डिस्टर्ब करते. टीचरचं वाक्यही पूर्ण होऊ देत नाही. तुमच्या जिल्हा परिषदेत चालत असेल हे, आमच्याकडे नाही चालत."

मी म्हटलं, तिला वरच्या वर्गाची गणितं देऊन बघा.

"इतकी हुशार वाटत असेल तर घाला ना मग तुमच्याच शाळेत," त्या म्हणाल्या, आणि मागे बसलेले पालक हसले. त्यात दोघे जिल्हा परिषदेचेच मास्तर होते. ते सगळ्यात मोठ्याने हसले.

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय ते मला त्या दिवशी कळलं. पण नुसता राग विरून जातो. माझा विरला नाही, कारण पुढच्याच आठवड्यात त्याच्यावर दुसरा घाव बसला.

उन्हाळ्यात आम्हा शिक्षकांना गावात दारोदार फिरावं लागतं. पहिलीत येणारी पोरं शोधायची, आईबापांच्या हातापाया पडायचं, कारण पट घसरला की शाळा बंद पडायची भीती. त्याच मॅडमच्या शाळेची पिवळी बस आता खेड्यापर्यंत यायला लागली होती, त्यामुळे आमचं फिरणं आणखी वाढलं होतं. एका अंगणात एक बाई तेंदूपत्त्याची पुडकी बांधत बसली होती. मी तिच्या पोरासाठी आले होते. गणवेश, पुस्तकं, जेवण, सगळं तोंडपाठ सांगितलं. ती मान खाली घालून पानं लावत राहिली. मग म्हणाली, "बाई, तुमची पोरगी कोनत्या शाळेत हाये?"

मी सांगितलं.

"मंग माह्या पोराले काऊन मांगून राह्यल्या?"

ती चिडली नव्हती. खरंच विचारत होती. मी काहीतरी बोलून उठले आणि रस्त्याला लागले. एकीने मला वरून हाणलं होतं, दुसरीने खालून, आणि दोघींच्या बोलण्याचा अर्थ एकच होता. स्कूटरवर बसल्या बसल्या मी ठरवलं की दोघींनाही एकाच दगडात उत्तर द्यायचं. पोरगी माझ्या शाळेत येणार, आणि त्या मॅडमची जिरवणार.

नवरा म्हणाला, "रागात नको ठरवू." रागात नाही तर कशात ठरवायचं? शांतपणे ठरवलं तेव्हा तर मी तिला त्या दाराबाहेर नेऊन उभी केली होती. पोरीला मी विचारलं नाही. आठ वर्षांच्या पोरीला काय विचारायचं, असं मला वाटलं.

आमच्या शाळांमध्ये पहिल्या दिवशी नव्या पोरांना बैलगाडीत बसवून मिरवत आणतात. गाडीला आंब्याची पानं, फुगे, पुढे ढोल. दरवर्षी आमची गाडी सकाळी लवकर निघते. त्या वर्षी मी मुद्दाम उशीर केला आणि पिवळी बस गावात शिरल्यावर गाडी मुख्य रस्त्यावर घेतली. गाडीत पहिलीची नऊ पोरं, त्यांच्यात तिसरीतली माझी पोरगी, सगळ्यांत उंच. मागे बस हॉर्न वाजवत होती.

गाडीवान म्हणाला, "बाई, मांगं बस हाये. बाजूले घेऊ का?"

"राहू द्या भाऊ. बैल दमले असतील," मी म्हटलं. बैल गोठ्यातून नुकतेच निघाले होते.

शाळेपर्यंतचा रस्ता पाच मिनिटांचा. आम्हाला अर्धा तास लागला. बसमध्ये केअरटेकर म्हणून एक टीचर होती, ती खिडकीतून डोकं काढून फोनवर कोणाशी तरी बोलत होती, आणि ती मॅडमशीच बोलत असणार या विचाराने मला जे सुख झालं ते मी लपवणार नाही. ढोलवाल्याला मी आणखी जोरात वाजवायला सांगितलं. तेंदूपत्त्यावाली बाई दारात उभी होती. दुसऱ्या दिवशी ती स्वतः पोराला घेऊन आली.

बसच्या खिडकीतून एक मुलगी माझ्या पोरीला हात करत होती. ती हिची जुन्या वर्गातली मैत्रीण. माझ्या पोरीने फुगे तोंडासमोर धरले. मी ते बघितलं आणि म्हटलं, लाजली.

शाळा तिला मानवली, हे मी शपथेवर सांगेन. माझ्या खोलीत तिसरी, चौथी, पाचवी एकत्र बसतात. लोक याला आमची गरिबी म्हणतात. तिच्यासाठी ती चैन होती. तिसरीची गणितं करता करता ती पाचवीची ऐकायची, आणि तिला गप्प बस म्हणायला मला वेळच नव्हता. उलट चौथीच्या पोरांना मी तिच्याकडे पाठवायचे. पोरं तिच्याभोवती गोळा होऊन बसायची आणि ती जमिनीवर खडूने थप्प्या काढून समजावायची.

एकच नियम मी केला होता. शाळेत मला बाई म्हणायचं, घरी आई. तिने तो आठवड्यात शिकून घेतला.

पण मला नुसती शिकणारी पोरगी नको होती. मला उट्टं काढायचं होतं. पाचवीत शिष्यवृत्तीची परीक्षा असते. तिला खासगी शाळेची पोरंही बसतात आणि तालुक्याची यादी सगळ्यांना दिसते. त्या यादीत मॅडमच्या सगळ्या पोरांच्या वर मला माझी पोरगी हवी होती. म्हणून चौथी-पाचवीची दोन वर्षं रोज संध्याकाळी मी तिला घरी बसवलं. मैदानात पोरं लगोरी खेळायची, त्यांचा आवाज घरात यायचा, मी खिडकी लावून घ्यायचे. ती चुकली की मी म्हणायचे, त्या शाळेतलं पोर चुकलं असतं का? ते पोर चुकलं असतं की नाही, मला काय माहीत.

तेव्हापासून तिला एक सवय लागली. मी स्वयंपाकघरातून बाहेर आले की ती विचारायची, "आत्ता बाई हायेस का आई?" बाई म्हटलं की पुस्तक काढून ताठ बसायची. आई म्हटलं की माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडायची. मला तिच्या विचारण्याची गंमत वाटायची. बाई मी जास्त वेळा म्हटलं.

निकाल लागला. ती तालुक्यात पहिली आली. खासगी शाळेचं पहिलं पोर यादीत चौथं होतं. ते नाव मी आधी शोधलं, मग पोरीचं.

त्याच दिवशी पेढ्याचा मोठा डबा घेतला, पोरीला नवा फ्रॉक घातला आणि तिला घेऊन थेट मॅडमच्या ऑफिसात गेले. मॅडम उठून उभ्या राहिल्या. पेढा घेतला, तिच्या गालाला हात लावला आणि म्हणाल्या, "शेवटी पाया आमच्याच शाळेत घातला गेला होता हिचा."

दोन वर्षांची मेहनत ती बाई पेढ्याबरोबर गिळत होती.

"तुमची शाळा तर पाचवीपर्यंतच आहे," त्या पुढे म्हणाल्या. "सहावीला आमच्याकडे द्या. आता गणिताचे नवीन सर आले आहेत."

याच क्षणासाठी मी वाक्य घोकून ठेवलं होतं. "मॅडम, ती टीचरचं वाक्य पूर्ण होऊ देत नाही. चालेल का तुम्हाला?"

मॅडमचा चेहरा उतरला. दारातला शिपाईसुद्धा वळून बघायला लागला. मला पोट भरल्यासारखं वाटलं. मी सांगणार होते की सहावीला ती सरकारी शाळेतच जाईल. तेवढ्यात मॅडम खाली वाकून पोरीला म्हणाल्या, "बेटा, तुला काय वाटतं?"

पोरीने त्यांच्याकडे बघितलंच नाही. माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "आत्ता बाई हायेस का आई?"

मॅडमला काही कळलं नाही. मला कळलं. मी पेढ्याच्या डब्याचं झाकण लावलं. मग मी म्हटलं, "आई."

"मंग मले इथी यायचं हाये."

"काऊन?" मी विचारलं. मैत्रिणीसाठी म्हणेल, नव्या सरांसाठी म्हणेल, असं मला वाटलं.

"इथी तू नसशीन."

मॅडम खिडकीबाहेर बघायला लागल्या. त्यांनी तेवढी माणुसकी दाखवली, हे मी कबूल करते, आणि त्याबद्दलही मला त्यांचा राग आहे.

फॉर्म मी तिथेच व्हरांड्यातल्या बाकावर बसून भरला. आईचा व्यवसाय या रकान्यात शिक्षिका, जिल्हा परिषद असं इतकं दाबून लिहिलं की अक्षरं मागच्या पानावर उठली. पोरगी शेजारी पाय हलवत बसली होती. माझ्या मांडीवरच्या डब्याकडे बघून तिने विचारलं, "मी एक घेऊ?"

शिपायाला दिले होते, मॅडमला दिले होते, येताना गल्लीत वाटले होते. तिला मी सकाळपासून एकही पेढा दिला नव्हता.