खेळून झालेला गेम

गेल्या रविवारी पुण्याहून घरी आले होते, तेव्हा आईसाठी अस्तराचं कापड आणायला गुलमंडीच्या बाजारात गेले. कापड मिळालं, आणि पाय आपोआप मागच्या गल्लीकडे वळले... रफिकचाचांच्या दुकानाकडे.

पंधरा-सोळा वर्षांनी गेले असेन. दुकान आहे, चाचाही आहेत. फक्त जिथे व्हिडिओ गेमच्या डिस्क रचलेल्या असायच्या, तिथे आता मोबाईलची कव्हरं लटकतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मी पुण्यात एका छोट्या कंपनीत गेम बनवते. गेममधली घरं, रस्ते, झाडं काढणं हे माझं काम. आणि हे वेड मला लागलं ते या दुकानात.

नवीन गेम घेणं आमच्या घरी शक्यच नव्हतं. चाचा जुन्या डिस्क विकायचे, विकत घ्यायचे आणि बदलूनही द्यायचे. खेळून झालेली डिस्क परत करायची, वर थोडे पैसे द्यायचे, दुसरी घेऊन जायची.

चाचांची मुलगी शबाना माझ्याच वर्गात होती. त्या दुकानात रमणाऱ्या मुली आम्ही दोघीच. तिचा एखादा गेम खेळून झाला की मी आमच्या पडेगावहून सिटी बसने तिच्या घरी जायचे, डिस्क आणायला. डिस्क म्हणजे निमित्त होतं... तिच्या अम्मीच्या हातचा शिरा खायचा आणि गेममधला अमुक दरवाजा कसा उघडतो यावर तासभर वाद घालायचा. मग डिस्क परत करायला गेले की पुन्हा तेच.

पुढे मी पुण्याला गेले, ती लग्न होऊन हैदराबादला. भांडण नाही, काही नाही. फोन हळूहळू कमी झाले आणि एक दिवस थांबले...

चाचांना मला ओळखायला थोडा वेळ लागला. मग त्यांनी स्टूल पुढे सरकवलं, चहा सांगितला. मी काय काम करते ते ऐकल्यावर शेजारच्या घड्याळवाल्याला हाक मारून सांगितलं, ही पोरगी माझ्या दुकानात शिकली म्हणून.

डिस्क कुठे गेल्या, मी विचारलं. चाचा म्हणाले, आता गेम डिस्कवर येतातच किती... सगळं डाउनलोड. कधी कधी तर डबा येतो, पण आत डिस्क नसते, कोडचा कागद असतो. तो एकदा वापरला की संपला. विकता येत नाही, बदलता येत नाही. मग माझ्या दुकानाचं काम काय उरलं?

दोन वर्षांपूर्वी आमच्या ऑफिसात याच विषयावर मीटिंग झाली होती. आपला गेम डिस्कवर काढायचाच नाही, फक्त डाउनलोड ठेवायचा, असं सगळ्यात जास्त ठासून मीच बोलले होते.

माझ्याकडे कारण होतं. आमचा आधीचा गेम डिस्कवर निघाला होता. लोकांना आवडला, या हातातून त्या हातात फिरला... पण जुनी डिस्क पुन्हा विकली गेली की गेम बनवणाऱ्याला त्यातलं काहीच मिळत नाही. त्या गेमचं संगीत माझ्या शेजारी बसणाऱ्या अनघाने केलं होतं. त्याच वर्षी कंपनीला तिचा पगार परवडेनासा झाला, आणि ती गेली.

हे सगळं मी चाचांना सांगून टाकलं. लपवावंसं वाटलं नाही. त्यांनी शांतपणे ऐकलं. डिस्कच्या मागे अशी एखादी पगारावरची पोरगी असेल हे मला कधी सुचलंच नाही, म्हणाले. मग हेही म्हणाले, की माझ्याकडून जुनं नेणारी पोरं कमवायला लागल्यावर नवीन गेम घेतच होती ना... तूसुद्धा त्यातलीच.

त्यांचं खरं होतं. अनघाचंही खरं होतं. आम्ही चहा प्यायलो.

निघाले तेव्हा चाचा म्हणाले, "बेटा, तू बनवलेला गेम दे ना मला. ईदला शबाना येणार हाय, तिला देतो."

मी लगेच फोन काढला. शबानाचा नंबर द्या, आत्ता तिच्यासाठी विकत घेऊन पाठवते म्हटलं. दोन मिनिटांचं काम.

"नवा तर ती बी घेईल," चाचा म्हणाले. "तू खेळलेला पायजे होता. पहिल्यासारखा."

मी खेळलेला गेम माझ्या अकाउंटवर आहे. तो मी कुणालाही देऊ शकत नाही... आणि तसंच असावं म्हणून मीच भांडले होते.

नंबर घेतला. रिक्षात बसल्या बसल्या गेम घेऊन शबानाला पाठवला, सोबत दोन ओळी लिहिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी तिचा मेसेज आला. भरपूर लिहिलं होतं... मुलगा चौथीत आहे, गुडघा दुखतो, हैदराबादचा उन्हाळा सोसत नाही. शेवटी एक ओळ होती. "पहिल्या लेव्हलमधला जिना आमच्या जुन्या घराचा आहे ना?"

तिच्याच घराचा आहे. आजवर कुणालाच ओळखू आला नव्हता. मला त्या मेसेजवर हसू आलं आणि मग बराच वेळ रडू आलं.

मीटिंग पुन्हा झाली तर अनघासाठी मी बहुतेक तेच बोलेन. पण एक हुरहुर आहे, ती जात नाही. गेम शबानाकडे पोचला, तो आता तिचाच झाला. तो आणायला किंवा परत करायला तिच्या दारात जायचं कारण मला कधीच मिळणार नाही...

ईदला ती माहेरी येईल, तेव्हा मी जाणार आहे. काही आणायचं नाही, काही परत द्यायचं नाही. नुसतीच जाणार आहे.